खांदा सरळ करू नका, लेकराचा हात पाहा

आज डोकं फिरलं आहे, म्हणून लांब लिहिते आहे.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या ऑनलाइन अर्जाला फोटो लागतो, त्यासाठी दुपारी तालुक्याला स्टुडिओत गेले होते. पोरगा ओळखीतलाच. फोटो काढताना सारखा म्हणत होता, "ताई, उजवा खांदा उचला नं." म्हटलं, तो असाच आहे बाबू, तू काढ. त्यानं काढला, कॉम्प्युटरवर बसला, अन् हातात फोटो दिले तर दोन्ही खांदे एका रेषेत! "बरोबर करून देल्ले ताई, त्याचे पैसे नाही लागत." ज्या खांद्याचा दाखला मागायला निघाले आहे, तोच खांदा फोटोत दुरुस्त. काहून केलं म्हटलं, तर म्हणते, "चांगलं दिसते नं."

पोराच्या मनात वाईट नव्हतं, मान्य. फोटो तिथेच परत केले आणि दुसरे काढायला लावले. तरी एसटीत बसल्यावर हात थरथरत होते. कारण हा एकटा पोरगा नाही. शाळेत सर पाठीत थाप मारून म्हणायचे, सरळ उभी राह. लग्नात काकूनं पदर असा पिनला की उजवी बाजू झाकून जावी. ब्लाऊज शिवणारी न विचारता एका बाजूला पॅड घालते. जो तो माझा खांदा सरळ करायला बसलेला. आळसानं पडलेला खांदा आहे का हा?

माझी माय एक गोष्ट सांगते. मी पाच-सहा दिवसांची. पहिलं बाळंतपण, म्हणून माय तिच्या माहेरी. आजी न्हाणीत पाय पसरून बसलेली, मी तिच्या पायांवर, अंगावर ऊन पाणी. मी टाहो फोडते, डावी मूठ झाडते, अन् उजवा हात नुसता पडून. माय खाटेवरून म्हणाली, "व माय, इचा उजवा हात हालत नाही." आजी म्हणाली, "दमलं असंल लेकरू, राहू दे."

मायनं राहू दिलं नाही. ओली बाळंतीण मला पदरात घेऊन डॉक्टरकडे गेली. ते म्हणाले, जड बाळंतपण होतं, तेल लावा, येईल हळूहळू.

आता ऐका, काय झालं होतं ते. मी वजनानं जड. डोकं बाहेर आलं आणि खांदा मायच्या हाडामागे अडकला. अशा वेळी डोकं ओढलं गेलं की मान आणि खांद्यामधल्या नसा ताणल्या जातात. मानेतून पाच नसा निघतात, हसुलीच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाखाली एकमेकींत गुंततात आणि सगळा हात चालवतात. वरच्या दोन गेल्या की खांदा उचलत नाही, कोपर वाकत नाही, हात आत वळून पडून राहतो. नसा नुसत्या ताणल्या असतील तर बहुतेक लेकरांचा हात काही आठवड्यांत, काही महिन्यांत परत येतो. म्हणजे डॉक्टर खोटं बोलले नव्हते. आणि खांदा अडकला की मिनिटांचा खेळ असतो, तेव्हा ओढलं नसतं तर मी आज लिहायला नसते, हेही कबूल.

पण पुढचं एक वाक्य त्यांनी सांगितलं नाही. तीन महिन्यांत कोपर आपोआप वाकलं नाही तर थांबू नका, मोठ्या दवाखान्यात नसांच्या सर्जनला दाखवा. एवढंच. तुटलेली नस जोडायची शस्त्रक्रिया असते ती पहिल्या वर्षातच, जितकी लवकर तितकी बरी. पुढे स्नायू सुकतो, मग नस पोचली तरी तो ती घेत नाही. माझी माय वर्षभर तेल लावत राहिली. तिळाचं, जवसाचं, कोणी सांगितलं ते. शेजारणी म्हणत होत्या, सटवाईनं लिहिलं ते चुकते का. हे आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. सटवाईवर ढकललं की कोणाला गाडीभाडं पडत नाही!

पुढच्या आठवड्यात पोळा. आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात. मला हा दिवस फार आवडतो. आमचे बाबा बैलाला खांद आला, म्हणजे जू घासून खांदा सुजला, की लांबून चालीवरून ओळखत, त्या दिवशी जू ठेवत नसत. गावात असे दहा माणसं सापडतील. बैलाचा खांदा कळतो त्या गावात लेकराचा खांदा कोणाला कळला नाही. मायला कळला होता. न्हाणीतच कळला होता. तिचं कोणी ऐकलं नाही.

माझा उजवा हात आखूड राहिला, पाठीचं फावडं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, बाहेर आलं. घास तोंडाशी नेताना आधी कोपर बाहेर जातं, म्हणून मी डाव्या हातानं जेवते, आणि पंगतीत अजून कोणीतरी टोकतंच. वेणी एकटीला घालता येत नाही. कापूस वेचताना खालची बोंडं येतात, खांद्याच्या वरची नाही. आणि कोणाला सांगूनही पटत नाही ते हे, की माझा डावा खांदा जास्त दुखतो. दोघांचं काम तो एकटा करतो ना!

मोबाइलवर वाचलं, जर्मनीचा शेवटचा बादशहा दुसरा विल्हेल्म, १८५९ चा जन्म, बाळंतपणात उलटा आलेला. त्याचाही डावा हात असाच गेला. ताज्या मारलेल्या सशात त्याचा हात गुंडाळून ठेवत, विजेचे झटके देत. मोठेपणी फोटोत तो त्या हातात हातमोजे धरायचा, म्हणजे हात लांब दिसावा. एवढा बादशहा, त्यालाही फोटोत हात लपवावा लागला. वाचून मला त्याची कीव आली, खरंच.

मी लपवणार नाही. इतकी वर्षं अर्ज केला नाही, कारण बाबा म्हणायचे, "पोरीच्या कपायावर शिक्का नको." त्यांच्या मायेपायी गप्प राहिले. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं, माझे किती टक्के भरतील ते डॉक्टरांचं बोर्ड ठरवेल. कमी भरले तरी चालेल. खांदा जसा आहे तसा कागदावर येऊ द्या.

मी गावची आशा कार्यकर्ती आहे, तुम्हाला माहीत आहे. बाळंतिणीच्या घरी आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जातो. वजन, ताप, श्वास, दूध ओढणं पाहतो. मी दोन्ही हातही पाहते. लेकरू दचकलं की दोन्ही हात फाकतात, एकच फाकला तर लगेच दाखवायचं. मागच्या वर्षी एका लेकराचा डावा हात असा दिसला. त्याच्या आजीनं मला दारातच बोल लावले, अपशकुनी बोलते म्हणाली. मी आठवडाभर पिच्छा पुरवला, शेवटी बाप नागपूरला घेऊन गेला. हात दीड महिन्यात आपोआप आला. आजी आता सांगत फिरते, या बाईनं उगाच घाबरवलं. सांगू दे! पुढच्या लेकराच्या वेळीही मी हेच करणार. तेल लावा, मालिश करा, लेकराला बरं वाटते, पण तुटलेली नस तेलानं जुळत नाही.

घरात तान्हं असेल तर आज आंघोळ घालताना पाहा. आणि माय म्हणत असेल हात हालत नाही, तर तिला दमलेली बाळंतीण म्हणून गप्प करू नका. तिसऱ्या महिन्यात आमची परत भेट असते, कोपर वाकत नसेल तर तेव्हा लपवू नका, सांगा. मोठ्या दवाखान्यात एकटं जायला भीती वाटत असेल तर मी सोबत येते. फोन करा, कमेंटमध्ये लिहू नका, गावात नेट नसते.