ह्या सगळा बरा, पण बसाचा खंय?

मे महिन्यात बाबा आले होते कुडाळहून, दहा दिवस. वय ७६, गुडघे कुरकुर करतात, पण फिरायची हौस भारी. "माका मुंबय दाखय" म्हणाले. आता मी इथे बावीस वर्षं राहते, माहीम ते फोर्ट रोजचा प्रवास, त्यामुळे माझा समज असा की मला हे शहर पाठ आहे. तर तसं काही नाहीये, हे ७६ वर्षांच्या माणसाबरोबर ऊन डोक्यावर घेऊन चालल्यावर कळतं.

रविवारी सकाळी सीएसएमटीला उतरलो. आधीच उशीर झालेला, दहा वाजून गेलेले, शर्ट पाठीला चिकटलेला. पण डी. एन. रोडला लागलो आणि बाबा एकदम खुशीत. का, तर त्या जुन्या बिल्डिंगांच्या खालचे कमानीवाले व्हरांडे. दीडेकशे वर्षांपूर्वी ज्यांनी हा रस्ता आखला त्यांनी बिल्डिंगवाल्यांना बजावलं असणार की बाबांनो वर काय हवं ते बांधा पण खाली माणसाला चालायला आडोसा ठेवा, पावसात आणि उन्हात. आज तिथे फेरीवाले आहेत, मोबाईलची कव्हरं आहेत, जुनी पुस्तकं आहेत, गर्दी आहे, तरी सावली आहे. मी रोज तिथून जाते, कधी वर मान करून बघितलं नव्हतं. बाबा प्रत्येक कमानीखाली थांबून वर बघणार, दगडातली नक्षी बोटाने दाखवणार, आणि मागून येणारा माणूस त्यांच्यावर आदळणार. दोन कमानींच्या मध्ये गल्ली आली की ऊन असं थोबाडीत बसायचं की परत पळत पुढच्या कमानीत.

मग फ्लोरा फाउंटन. १८६४चं कारंजं. खरं तर भायखळ्याच्या बागेसाठी म्हणून ठरलेलं, आणि आलं इथे. २०१९मध्ये नीट दुरुस्त केलंय, सुंदर दिसतं, पांढरंशुभ्र. पण बाबा फुलांच्या देवीकडे न बघता सरळ हुतात्मा स्मारकाकडे गेले. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. बाबांचे काका लालबागला गिरणीत होते, आमच्या अर्ध्या गावाचा असाच एकेक काका होता. चप्पल काढली, हात जोडले, बराच वेळ उभे राहिले. १०६ हुतात्मे. मी आपली फोन काढून फोटो घेतेय तर म्हणाले, "ह्या सगळा बरा हा गो, पण बसाचा खंय?"

आणि मी बघायला लागले. खरंच, बसायचं कुठे? चारही बाजूंनी साखळ्या, कठडे, झाडांच्या कुंड्या, पण एका म्हाताऱ्या माणसाने दहा मिनिटं टेकावं अशी सावलीतली जागा नाही. शेवटी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. रविवार होता म्हणून बरं, वॉचमनने हाकललं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते त्या पायरीवर बसूनच सुचलं. आपल्यासारख्या घामट शहरात सार्वजनिक कला काय नि सुशोभीकरण काय, त्याची पहिली परीक्षा ही की ते बघताना माणसाला बूड टेकता येतं का आणि डोक्यावर सावली आहे का. बाकी सगळं नंतर. थंड देशातले लोक उन्हासाठी बागेत जातात, आपण उन्हापासून पळून बागेत जातो, हा फरक आहे. आपल्याकडे मात्र एवढं मोठं चकाचक पेव्हिंग, मध्ये 'आय लव्ह अमुकतमुक'ची लाल अक्षरं, स्टीलचे बाक जे दुपारी तव्यासारखे तापतात, आणि झाडं लावली तर खजुरासारखी उंच, ज्यांची सावली सतरंजीएवढीसुद्धा पडत नाही.

तिथून पुढे न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या बिल्डिंगसमोर आलो. ज्यांनी बघितली नसेल त्यांनी जरूर जा. १९३०च्या दशकातली, दर्शनी भागावर भल्या मोठ्या कष्टकरी माणसांच्या आकृत्या कोरलेल्या, इजिप्तच्या देवळात असाव्यात तशा ताठ आणि उंच. हे काम ना. ग. पानसरेंचं. आणि गेटवेसमोर जो घोड्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा आहे ना, १९६१चा, तो सदाशिव साठेंचा. एकीकडे इन्शुरन्स कंपनीच्या भिंतीवर राबणारी माणसं, दुसरीकडे महाराज. आपण शाळेत असल्या गोष्टी का शिकवत नाही कोण जाणे. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी रस्ता क्रॉस करून परत एकदा बघितलं, टॅक्सीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

काळा घोडा. इथे खरी मजा. घोडा आहे, वर कोणीच नाही. बाबा दोन चकरा मारून म्हणाले, "घोडो हा, आणि धनी खंय गेलो?" आता सांगायला लागलं की हा घोडा २०१७चा. मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, अल्बर्ट ससूनने दिलेला, १८७९मध्ये इथे उभा केलेला. १९६५ साली उचलून राणीबागेत नेला, घोड्यासकट. पण लोकांच्या तोंडातून नाव काही गेलं नाही, पन्नासेक वर्षं या चौकाला घोडा नसलेला काळा घोडा म्हणत होते, मग स्वाराशिवायचा नवा घोडा बसवला. मला स्वतःला ही कल्पना फार आवडते. राजा नको पण घोडा हवा, असं म्हणणारं शहर. बाबांना पटलं नाही. "रिकामो घोडो बरो नाय दिसना. धन्याक बघूक जावया."

झालं, दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली आणि आम्ही भायखळ्याला उतरून राणीबागेत, राजाला शोधायला.

खोटं वाटेल, पण गेटच्या आत शिरल्यावर पन्नास पावलांत घाम सुकायला लागला. १८६२ची बाग आहे ही. तेव्हा लावलेली आणि नंतर वाढवलेली झाडं आता अशी पसरलीत की वरती आभाळ तुकड्यातुकड्यानेच दिसतं. उर्वशी, कैलासपती, आणि मला नावं माहीत नसलेली शंभर. बाबा झाडांना नातेवाईक भेटल्यासारखे हात लावत होते. आजूबाजूला शाळकरी पोरं, पेंग्विनची रांग, कोणीतरी डबा उघडून बसलेलं, एक आजी चटई पसरून सरळ झोपलेली. झोपलेली! मुंबईत सार्वजनिक जागेत कोणी बाई दुपारी बिनघोर झोपू शकते, यापेक्षा वेगळं सर्टिफिकेट त्या बागेला नकोच.

राजा सापडला, भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाजूला, आपला घोड्यावर बसून. चौकात असताना साहेब असेल मोठा, इथे झाडाखाली कुणी ढुंकून बघत नाही. आणि तिथेच घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा म्हणायला लागले तो. १८६४मध्ये त्याला विलायतेला न्यायचं म्हणून उचलला तर क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले, ते १९१४मध्ये जोडले. सांधे अजून दिसतात. बाबा हत्तीकडे बघत म्हणाले, "गावचो देव उचलूक गेले तर असाच होता." मग शेजारच्या बाकावर बसले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. मी पाऊण तास हत्ती बघत बसले. एका मूर्तीसमोर पाऊण तास मी आयुष्यात बसले नव्हते, कुठल्याही आर्ट गॅलरीत नाही, काळा घोडा फेस्टिव्हलच्या गर्दीत तर नाहीच नाही. ते बाकामुळे आणि सावलीमुळे.

नंतरचे दिवस संध्याकाळी शिवाजी पार्कचा कट्टा. त्याबद्दल काय लिहू, दादर-माहीमवाल्यांना सांगायची गरज नाही. १९२५ला माहीम पार्क म्हणून खुलं झालं, दोनच वर्षांत अवंतिकाबाई गोखल्यांच्या प्रयत्नाने शिवाजी पार्क झालं. पण ज्याने कोणी मैदानाभोवती ती बुटकी भिंत बांधली त्याला माझा दंडवत. सव्वाएक किलोमीटरचा बाक आहे तो! भिंतीची भिंत, बाकाचा बाक. उंची अशी की पोरगाही चढतो नि गुडघेदुखीवालाही टेकतो, आत तोंड करून बसा तर क्रिकेट, बाहेर तोंड करून बसा तर माणसं, डोक्यावर रेन ट्री. महाराजांच्या पुतळ्याच्या हातात तलवार उगारलेली नाही, नुसता हात पुढे केलेला, आणि खाली प्रेमप्रकरणापासून डायबेटिसपर्यंत सगळ्या चर्चा. लाल माती उडते, मान्य.

मरीन ड्राइव्हलाही एकदा गेलो. दुपारी वेडा माणूस जाईल तिथे, पण सहानंतर वारा सुटला की त्या रुंद कठड्याला तोड नाही. बाबांना समुद्राचं कौतुक नाही, त्यांच्या मते समुद्र वेंगुर्ल्याला आहे. ते पाठ फिरवून बिल्डिंगा बघत बसले. खिडक्यांवरचे ते लांब, वळलेले छज्जे दिसतात ना, भुवयांसारखे? नुसती फॅशन नाही ती, ऊन आणि पाऊस अडवतात. २०१८ला युनेस्कोने ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंबरोबर या इमारतींनाही यादीत घेतलं ते दिसण्यासाठी असेल, पण मला ते छज्जे म्हणजे डोक्यावर पदर घेतल्यासारखे वाटतात. आताच्या काचेच्या टॉवरांना हा पदर नाही, म्हणून मग एसी.

मलबार हिलचा नवा लाकडी पूल, झाडांमधून जाणारा, ४८५ मीटरचा, तोही चांगला आहे, ऑनलाइन तिकीट काढून गेलो. सुरेख. पण तिथे चालत राहायचं असतं, मागून लोक येत असतात.

आता तक्रार. माझ्या घराजवळ एक छोटी बाग आहे, नाव लिहीत नाही. आत दोन मोठे वड, चार बाक, एवढंच, पण पुरे. बाबांना तिथे दुपारी जेवून बसायचं होतं. गेटला कुलूप. पाटी: दुपारी बारा ते चार बंद. म्हणजे ज्या चार तासांत माणसाला सावली लागते त्याच चार तासांत सावली कुलपात! आतल्या माळीदादांना विचारलं तर म्हणे, वरून ऑर्डर आहे, दुपारी नको ते लोक येऊन झोपतात. अहो मग झोपू देत की. डिलिव्हरीवाला पोरगा, कचरा वेचणारी बाई, इस्त्रीवाला, यांनी दुपारी जायचं कुठे? बाग काय फक्त सकाळी स्पोर्ट्स शूज घालून येणाऱ्यांची आहे? बाहेर मात्र त्याच बागेच्या भिंतीवर मोर, फ्लेमिंगो आणि 'झाडे लावा' रंगवलंय, ताजं ताजं. बाबा त्या फ्लेमिंगोला टेकून फुटपाथवर बसले. फोटो आहे माझ्याकडे, टाकू देत नाहीत.

मी अर्ज दिलाय. उत्तर आलं की इथेच कळवीन. तोवर तुमच्या एरियात दुपारी दोन वाजता फुकटात सावलीत बसायला मिळेल अशी जागा असेल तर खाली लिहा, दिवाळीनंतर बाबा परत येतायत आणि त्यांनी आत्तापासून लिस्ट मागितलीय. राणीबाग लिस्टमध्ये आहेच. फक्त बुधवारी बंद असते, उगाच हेलपाटा घालू नका.