साडेपाचच्या आधीचं दूध

एप्रिलमधल्या एका पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी आमची आई दुधाचं भरलं पातेलं हातात घेऊन फ्रिजसमोर उभी होती, आणि फ्रिज तिला सांगत होता की आजचं दूध आधीच आलेलं आहे.

फ्रिज म्हणजे फ्रिजच्या दारावर टेपने चिकटवलेला माझा जुना मोबाईल. त्यात मी स्वतः बनवलेलं एक वेब पान कायम उघडं असतं. किती लिटर ते लिहायला एक खोका आणि खाली मोठ्ठं हिरवं बटण, त्यावर ‘दूध आलं’. आईने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच उत्तर. तिने पातेल्यात पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं आणि माझ्या खोलीच्या बंद दाराला विचारलं, “मंग हे काय चुना कालवून आणला का रे त्यानं?”

दाराने उत्तर दिलं नाही. मी रात्री दोनला झोपलो होतो.

पोटासाठी मी एका कचेरीत लेखा विभागात आहे. दिवसा लोकांच्या हिशेबातल्या चुका काढतो आणि रात्री स्वतःच्या हिशेबात त्या घालतो. मला कोणी सांगितलेलं नसतं, कोणी पैसे देत नाही, पुढे कधी देईल असा संशयही नाही. तरी जेवण झालं की लॅपटॉप उघडतो. माणूस हौशी गवई असला तर शेजारी खिडक्या लावून घेतात, हौशी कवी असला तर ओळखीचे रस्ता बदलतात. हौशी प्रोग्रामरच्या घरच्यांना यातलं काहीच करता येत नाही.

आजवरचं माझं सर्वांत यशस्वी काम म्हणजे मारबतीचं पान. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि लोक ‘घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत रोगराईपासून महागाईपर्यंत सगळं तिच्याबरोबर गावाबाहेर धाडतात. माझ्या पानावर आपली पीडा टाईप करायची आणि बटण दाबायचं, की ती अक्षरं डुलत डुलत पडद्याबाहेर निघून जातात. पहिल्या वर्षी चोपन्न पीडा रवाना झाल्या. त्यातल्या एकोणपन्नास माझ्या, चाचणीच्या. उरलेल्या पाचांपैकी एक आमच्याच घरातून गेली होती. कोणी टाकली ते मी विचारलं नाही. पीडा होती : ‘लॅपटॉप’.

तर दूध. दुधाचा हिशेब आई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ठेवते. चौकोन कोरा म्हणजे एक लिटर, फुली म्हणजे खाडा, ‘१॥’ म्हणजे दीड लिटर, पाहुणे. महिनाअखेरीला फुल्या मोजायच्या, तिसातून वजा करायच्या, पाहुण्यांचं वरचं दूध मिळवायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. एवढा वेळ वाया जाताना मला पाहवेना, म्हणून ते अर्धं मिनिट वाचवायला मी तीन आठवडे जागलो.

फेब्रुवारीच्या एक तारखेला पान सुरू झालं. मी रात्रीच चाचणी घेतली होती : एक लिटर टाकलं, दर ६४ रुपये, उत्तर ६४ रुपये. सुखाने झोपलो. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे एकूण १११ लिटर दूध आलेलं होतं आणि बिल झालं होतं ७,१०४ रुपये.

“गवळीभाऊले माहीत आहे का हे?” आईने विचारलं.

झालं होतं असं, की मी ज्या संगणकाच्या भाषेत पान लिहिलं त्या जावास्क्रिप्टला खोक्यात टाईप केलेली सगळी आधी अक्षरंच वाटतात, मग तो आकडा का असेना. आणि अक्षरांच्या मध्ये अधिकचं चिन्ह दिसलं की ती बेरीज करत नाही, त्यांना शेजारी शेजारी बसवते. एक आणि एक अकरा, आणखी एक, एकशे अकरा. मैत्रीच्या भाषणात शोभणारं गणित दुधाच्या बिलात आलं. नंतर मी कुतूहलाने मांडून पाहिलं. हाच रतीब चालू राहिला असता तर तेविसाव्या दिवशी आमच्या घरातलं दूध पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या पाण्याहून जास्त झालं असतं. हे मी बायकोला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, “विरजण पुरणार नाही नं एवढ्याला.”

दोष भाषेचा नाही, माझा. तरी एक गोष्ट मला विसरता येत नाही. या भाषेचा पहिला नमुना ब्रेंडन आइक नावाच्या माणसाने १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभा केला. मे महिन्यात! आमच्याकडे मेच्या दहा दिवसांत माणूस कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या म्हणतो, आणि तेसुद्धा होत नाही.

ते दुरुस्त केलं तर फ्रिजवरच्या मोबाईलच्या कळफलकाने घोळ घातला. आईच्या सोयीसाठी कळफलक मराठी, आकडेही मराठी. तिने पाहुण्यांसाठी ‘१.५’ लिहिलं. माझ्या प्रोग्रामला इंग्रजी आकडे तेवढे कळत होते, मराठी एक त्याला वेलबुट्टीसारखा दिसला. संख्या नसलेल्या गोष्टीला ही भाषा तीन इंग्रजी अक्षरं छापते, ‘संख्या नव्हे’ या अर्थाची. आईने ती जुळवून वाचली.

“नान. नान रुपये. दुधाच्या हिशेबात नान काहून आला रे?”

“हॉटेलातून,” बायको म्हणाली.

या नानची गंमत अशी की तो साथीच्या रोगासारखा पसरतो. त्यात काहीही मिळवा, उत्तर नानच. एका दिवसाचा नान आला आणि अख्खा महिना नान झाला. त्याहून कहर म्हणजे जावास्क्रिप्टलाच विचारलं, की बाई, हा ‘संख्या नव्हे’ म्हणतात तो कोणत्या जातीचा, तर ती सांगते : संख्या. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या कचेरीत हजेरीपटावर असलेले आणि कामावर नसलेले लोक मी रोज पाहतो.

फेब्रुवारीचं बिल निघालं तेव्हा वर ‘महिना : १’ असं आलं आणि आई म्हणाली, जानेवारीचे पैसे तर देऊन झाले. या भाषेत महिने शून्यापासून मोजतात, तारखा मात्र एकपासून. जावा नावाच्या दुसऱ्या भाषेकडून तारखांची सोय उचलली, तिच्यासोबत ही खोडही आली. झिरो माईलच्या खांबावरून रोज कचेरीत जाणाऱ्या माणसाने शून्यापासून मोजायला चुकावं, हे मात्र मलाच लागलं.

होळीला पाहुणे आले. गवळीभाऊ खवाही देतो. एक दिवस १०० ग्रॅम घेतला, दुसऱ्या दिवशी २००. पानाने बेरीज दाखवली : ०.३०००००००००००००००४ किलो. मी ती गवळीभाऊला दाखवली, म्हटलं पाहा काय गंमत आहे. त्याने मोबाईल हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला, आणि गंभीरपणे म्हणाला, “भाऊ, इतकं बारीक माह्या काट्यावर नाही जमत. इतवारीत सराफ्यात तोलून आणा.”

त्या रात्री मला झोप आली नाही, पण ती जाग आनंदाची होती. संगणक सगळं दोनच्या पटीत मोजतो. त्यामुळे एक दशांश हा साधा आकडा त्याला पुरता लिहिताच येत नाही, शेपूट कापून लिहावा लागतो, आणि कापलेल्या दोन शेपटांची बेरीज अशी कुठेतरी टोचते. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड? हे त्याला तंतोतंत येतात, एक कणही इकडेतिकडे होत नाही. आईचं ‘१॥’ संगणकाला माझ्या दशांशापेक्षा जास्त पटणारं आहे! पावकी, निमकी, पाउणकी पाठ करणारी जुनी पिढी नकळत यंत्राच्या बोलीतच बोलत होती. हे मी सकाळी आईला सांगितलं. ती म्हणाली, “मंग तू कॅलेंडरवरच काहून नाही लिहीत?”

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. खरी कसोटी लागली ती ऊन वाढल्यावर.

गवळीभाऊ थंडीत पावणेसहाला यायचा. एप्रिल लागला, पारा चाळिशीच्या वर गेला, तसा दूध नासू नये म्हणून तो पाचलाच यायला लागला. कधी पाच दहा, आणि म्हशीची मर्जी नसली तर कधी पाच चाळीस. आणि फ्रिजने बोलायला सुरुवात केली. कधी म्हणे आजचं दूध आधीच आलंय. कधी मुकाट्याने घेई. मी उठून पाहावं तर सगळं ठीक. रात्री दहाला करून पाहिलं, ठीक. रविवारी सकाळी सातला उठलो (याची घरात नोंद झाली), तेव्हाही ठीक. म्हणजे प्रोग्राममधली ही चूक, हा बग, पहाटे यायचा आणि मी उठायच्या आत निघून जायचा, अगदी गवळीभाऊसारखा. मी आईलाच म्हटलं, तू बटण नीट दाबत नसशील. चाळीस वर्षं माझे कान नीट धरणाऱ्या बोटांबद्दल मी हे बोललो.

एप्रिलच्या शेवटी पान म्हणालं सव्वीस लिटर. गवळीभाऊ म्हणाला तीस. आता लेखा विभागातला माणूस म्हटल्यावर चार लिटरच्या तफावतीवर गप्प बसेल का? मी फाटकात उभा राहून खुलासा मागितला. त्याने खिशातून घामाने मऊ झालेली वही काढली, बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि शांतपणे म्हणाला, “भाऊ, तीस वर्सं झाले या फाटकात. तुमचे बाबा होते तवाबी हाच हिशोब होता.” मागून आई आली ती कॅलेंडर खिळ्यावरून काढूनच. एकही फुली नव्हती. तीस कोरे चौकोन. तिने त्याला पैसे दिले, वर पन्ह्याचा गिलास दिला, आणि त्या दिवशी मला नाही दिला.

मग मी पंधरा रात्री तो बग शोधला. प्रोग्रामच्या ओळी पाठ झाल्या. एकदा वैतागून मारबतीच्या पानावर जाऊन ‘दूध’ टाईप केलं आणि पाठवून दिलं, पण मुहूर्ताला अजून चार महिने होते.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ जळते दिवस, लागायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. पहाटे कूलरची टाकी कोरडी पडली आणि त्यातून भट्टीवरचा वारा यायला लागला. उठलो, पाईप लावला, पाणी सोडून अंगणात आलो, तर फाटकाबाहेर गवळीभाऊ. मोटरसायकल स्टँडला लावलेली, दोन्ही बाजूंना कॅन, आणि स्वारी सीटवर निवांत बसलेली.

“काय हो भाऊ, घंटी नाही वाजवली?”

“वाजवतो नं. पाच मिनटं आहेत अजून.”

“कशाला?”

“काकूनं सांगितलं. साडेपाचच्या आधीचं दूध तुमच्या कॉम्प्युटरले चालत नाही.”

पाईप माझ्या हातातून सुटला. साडेपाच!

आपली घड्याळं ग्रिनिचच्या रेघेवर चालणाऱ्या जागतिक वेळेपेक्षा बरोबर साडेपाच तास पुढे. आणि मी तारीख लिहून घ्यायला जो तयार आदेश वापरला होता, तो तारीख देतो ती त्या जागतिक वेळेची. आमच्या प्रतापनगरात पहाटेचे पाच दहा झालेले असायचे, गल्लीतला कोंबडा आरवून दमलेला असायचा, आणि फ्रिजवरचा मोबाईल समजायचा की अजून काल रात्रीचे अकरा चाळीस आहेत. म्हणून पाच दहाचं दूध कालच्या तारखेत. कालचं दूध पाच चाळीसला आलेलं असलं तर ती तारीख आधीच भरलेली, मग नवं दूध दारातच उभं. थंडीत गवळीभाऊ पावणेसहाला यायचा तोवर इंग्रजांच्या घड्याळातही उजाडती तारीख लागलेली असायची. म्हणून दोन महिने सगळं सुरळीत चाललं. हा बग उन्हाळी होता.

मी धावत आत गेलो. आई उठलेली होती, पातेलं धुऊन तयार. मी तिला ग्रिनिच, रेघ, साडेपाच तास असं सगळं एका दमात सांगितलं.

“साडेपाचच्या आधी दाबलं तर नाही म्हणते, मागून दाबलं तर घेते,” आई म्हणाली. “दोन हप्ते झाले मी पाहून राहिली.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू म्हटलं नं, बटण नीट दाबत नाही म्हणून.”

घंटी वाजली. पाच एकतीस. दूध आलं, आईने बटण दाबलं, फ्रिजने मुकाट्याने घेतलं.

दुरुस्ती एका ओळीची होती. तारीख आपल्या घड्याळाप्रमाणे घ्यायची, एवढंच. कचेरीत जायच्या आत ती केली आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम पहाटे पाचला उठून, चहा न घेता, बटण दाबून पाहिलं. आजची तारीख, पहिल्याच फटक्यात. बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं, गवळीभाऊ सीटवर बसून मनगटावरचं घड्याळ पाहत होता. बिचारा. पंधरा दिवस माझ्या एका ओळीपायी ताटकळत होता. आता झालं दुरुस्त, खुशाल पाचला या, हे सांगायला मी चपला शोधायला लागलो.

“कुठे चालला?” अंथरुणातून आईचा आवाज आला.

“त्याला सांगतो, बग गेला म्हणून.”

“काही नको सांगू,” आई कूस बदलत म्हणाली. “तीस वर्सात पहिल्यांदा साडेपाचपर्यंत झोपून राहिली मी.”