कंपनीचं पत्र आलं, म्हणजे बंदूक महाराजांचीच ठरली का?

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या दुनळी शिकारी बंदुकांच्या मालकीबद्दल लिहिताना मी उगाच कीस पाडला. लंडनच्या कंपनीने जुन्या वह्या पाहून पत्र दिलं, त्यात संस्थानिकांचं नाव निघालं, दस्त्यावर राजचिन्हही आहे, मग आणखी पुरावा कशाला? तुमच्या मामांकडची बंदूक अशीच संस्थानातून आलेली आहे, ती देशाबाहेर कधी गेलेली नाही, आणि असल्या शंकांनी घराण्यांच्या आठवणींचा अपमान होतो. शेवटी, शिकारीच्या हत्यारांचं एवढं कौतुक का, असाही टोला आहे.

आधी पत्राचं. त्याला मी कमी लेखत नाही. लंडनच्या बंदूक बनवणाऱ्या जुन्या कंपन्या बघा: पर्डी १८१४ पासूनची, हॉलंड अँड हॉलंड १८३५ पासूनची. पर्डी १९९४ साली रिशमाँ समूहाकडे गेली, हॉलंड २०२१ साली बेरेटा या इटालियन बंदूक कंपनीकडे, तरी जुन्या वह्या राहिल्या. बंदुकीचा नंबर, नळ्यांची लांबी, गिऱ्हाइकाचं नाव अशा गोष्टी त्यांत सापडतात. बनवाबनवी पकडायला याहून चांगलं साधन नाही. अमेरिकेत पार्कर या तिथल्याच कंपनीच्या बंदुकांवर मागाहून भारी नक्षी कोरून त्या वरच्या दर्जाच्या म्हणून खपवण्याचे प्रकार होत आले आहेत. कंपनीच्या ज्या वह्या शिल्लक आहेत त्यांत त्या नंबरापुढे मूळ दर्जा लिहिलेला असला, की नक्षी उघडी पडते.

पण हे झालं बंदुकीचं. मालकीचा प्रश्न वेगळा. शंभर वर्षांपूर्वीचं खरेदीखत दाखवून आज जमीन कोणाची ते ठरत नाही, मधले फेरफार बघावे लागतात. कंपनीचं पत्र म्हणजे ते पहिलं खरेदीखत.

तेही नेहमी स्वच्छ नसतं. वहीत नाव असतं ते ऑर्डर देणाऱ्याचं, आणि तो मधला व्यापारीही असू शकतो. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स या लंडनच्या दुकानदार कंपनीचं मुंबईत १८९१ पासून दुकान होतं. बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी केलेल्या बंदुका ते आपल्या नावाने विकत. म्हणजे बंदुकीवर जे नाव दिसतं तो बनवणाराही नव्हे आणि वापरणाराही नव्हे. त्यांच्या बंदुकांच्या नोंदी आज ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. बनवणाऱ्याकडून ‘नोंद नाही’ असं उत्तर आलं की शोध तिथेच सोडून देतात.

नुसतं ‘महाराज’ लिहिलेलं असेल तर कोणते महाराज? समजा, वहीत १९२३ साल आणि कोल्हापूर अशी नोंद निघाली. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी वारले. त्यानंतर गादीवर राजाराम महाराज. तरी विकणारा ‘शाहू महाराजांची बंदूक’ म्हणणारच, कारण त्या नावाला किंमत येते. आता उंची बंदूक तयार व्हायला फार वेळ लागतो, त्यामुळे ऑर्डर आधीची आणि पाठवणी नंतरची असं होऊ शकतं. म्हणून वहीतली तारीख नेमकी कशाची, हे कंपनीला स्पष्ट विचारायचं असतं. बहुतेक लोक ते विचारत नाहीत.

‘देशाबाहेर गेली नाही’ हा तुमचा मुद्दा मात्र तपासता येतो, आणि मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत आवडतो. पुढचं लाकूड काढून नळ्या उतरवल्या की त्यांच्या तळच्या सपाट भागावर प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे, ठसे दिसतात. लंडन आणि बर्मिंगहॅम इथे जास्तीची दारू भरून नळी तपासतात, टिकली तर ठसा. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं. ठशांची पद्धत वेळोवेळी बदलत गेली. त्यातली सहज ओळखू येणारी खूण म्हणजे दाब टनांत लिहिणं, दर चौरस इंचाला ३ टन वगैरे. ही रीत १९५४ ची. आता बंदूक १९२० च्या सुमाराची, कहाणी अशी की ती वाड्यातून हललीच नाही, आणि नळीवर टनांचा ठसा. मग १९५४ नंतर केव्हातरी ती नळी ब्रिटनमध्ये होती, यात वाद नाही. कोणी नेली, का नेली, हे पुढचं. ठसे जुनेच असले, तर तुमच्या मामांच्या आठवणीला पत्राहून बळकट आधार मिळाला.

दोन नळ्यांमधल्या पट्टीवर सोन्यात कोरलेला १ किंवा २ असा आकडाही बघा. आकडा असेल तर ती जोडीतली किंवा तिघींतली एक आहे. दुसरी कुठे गेली हे शोधताना हिचाही माग लागतो. चिन्हाबद्दल एवढंच: ते घराण्याचं असतं, एका माणसाचं नसतं, आणि चांगला कोरक्या ते आजही कोरून देतो.

आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे. सामान्य माणसाच्या परवान्यावर हत्याराचा नंबर असतो, त्यामुळे कागदांची साखळी बऱ्यापैकी जुळते. इंग्रजी अमलात मात्र गादीवरच्या संस्थानिकांना परवान्यातून सूट होती. म्हणजे ज्या मालकाच्या नावाला सर्वांत जास्त भाव, त्याच्याच काळाचा कागद सर्वांत विरळ. तिथे मग शिकारखान्याच्या याद्या, दुरुस्तीसाठी पाठवल्याची पत्रं, तारखेचे फोटो असं वेचावं लागतं. यात घराण्याचा अपमान कुठला?

साखळी पक्की असली की काय होतं, ते अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या फॉक्स बंदुकीत दिसतं. १९०९ च्या आफ्रिकेतल्या शिकारमोहिमेसाठी फिलाडेल्फियाच्या ए. एच. फॉक्सने ती दिली. रूझवेल्टने स्वतः १९१० च्या आफ्रिकेवरच्या पुस्तकात तिचा उल्लेख करून ठेवला. कंपनी एक सांगते आणि मालक आपल्या हाताने त्याच काळात तेच लिहितो! २०१० साली अमेरिकेतल्या लिलावात तिला ८,६२,५०० डॉलर आले.

कौतुकाबद्दल: मी शिकार करत नाही आणि तिची भलामणही केलेली नाही. लोखंड, लाकूड आणि कागद यांवरून माणसांचा माग काढता येतो, तेवढ्यातच मला रस आहे.

मामांना एक करायला सांगा. परवानाधारक बंदूकदुरुस्तीवाल्याकडून नळ्या उतरवून ठशांचे स्पष्ट फोटो काढून घ्या. जुन्या परवान्याची पुस्तिका सापडली तर आधीच्या धारकाचं नाव बघा. मग कंपनीला दुसरं पत्र लिहा आणि फक्त विक्रीची नव्हे, दुरुस्तीच्या वहीतली नोंदही मागा. बंदूक पुन्हा तिकडे गेली असेल तर पाठवणाऱ्याचं नाव तिथे निघू शकतं. फोटो मला मेलवर पाठवा. बंदुकीचा नंबर इथे प्रतिक्रियेत जाहीर टाकू नका.