बाप्पा, ड्रम आणि माझी सेकंड क्लास केमिस्ट्री

गणपतीला तीन आठवडे होते आणि सोसायटीची मीटिंग होती पार्किंगमध्ये, विषय एकच, विसर्जन कुठे करायचं. पाच मिनिटांचं काम म्हणून मी गॅसवर दूध ठेवून खाली गेलो. दूध गेलंच, पातेलंही गेलं.

मूर्ती आधीच बुक झालेली, दोन फुटी, पीओपीची. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, विसर्जन वाहत्या पाण्यातच, मुठेतच, शास्त्र आहे. (मुठेला पाणी खडकवासल्यातून सोडलं तर वाहतं, पण ते असो.) त्यावर आयटीवाला मुलगा उठला, म्हणाला पीओपी म्हणजे विष आहे विष, मूर्ती कॅन्सल करा. इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण माझी बीएस्सी केमिस्ट्री, सेकंड क्लास, ती वर्षातून एकदाच उपयोगी पडते आणि नेमकी नको तेव्हा.

मी म्हणलं, पीओपी विष नाहीये, कॅल्शियम सल्फेट आहे, हात मोडला की डॉक्टर घालतात तेच प्लास्टर, पाणी लागलं की त्याचं जिप्सम होतं. प्रॉब्लेम हा की ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणून मूर्ती महिनोन्महिने तशीच पडून राहते, आणि विषारी काही असलंच तर ते रंगात असतं.

एवढं बोलून मी दोन्ही बाजूंना एकदम नकोसा झालो. मुलाला वाटलं मी पीओपीवाल्यांचा माणूस, काकांना वाटलं मी नास्तिक. आणि काका काही कच्चे नाहीत, ते म्हणाले जिप्सम ना, जिप्सम तर शेतकरी खारवट जमिनीत मुद्दाम टाकतात, मग नदीत टाकलं तर बिघडलं कुठे? आता याला काय उत्तर द्यायचं. तोवर मुलाने धर्मशास्त्र काढलं, म्हणे पार्थिव गणपती म्हणजे पृथ्वीचा, मातीचा, पीओपीची पूजाच चुकीची! म्हणजे सोवळं नेसणारे काका जमिनीचं रसायनशास्त्र सांगतायत आणि ज्याने मुंजीचं जानवं महिनाभरात काढून टाकलं तो पोथी सांगतोय.

मग कोर्ट आलं. काका म्हणाले हायकोर्टाने जून 2025 मध्ये पीओपीला परवानगी दिलीये. मुलगा म्हणाला हायकोर्टाने नदीत सोडायला मनाई केलीये. दोघंही खरं बोलत होते, मूर्ती बनवायला परवानगी आणि नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही, असं एकाच आदेशात होतं, पण प्रत्येकाने आपल्या सोयीचं अर्धं पाठ केलेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या अहो पण नदीत वर्षभर मैलापाणी जातं त्याचं काय? मुद्दा बरोबर होता, त्यामुळे त्याच्याकडे कोणीच लक्ष दिलं नाही.

शेवटी मीच म्हणलं की आपल्या पुण्यातल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर उपाय काढलाय, अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात मूर्ती ठेवायची, खाली खडू बसतो, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट म्हणजे खत तयार होतं, पावडर महापालिका देते. एकदम शांतता. तीन तास एकमेकांच्या अंगावर धावून गेलेली माणसं एका सुरात म्हणाली, वा, मग तुम्हीच करा.

तर अनंत चतुर्दशीच्या रात्री माझ्या बेडरूमच्या खिडकीखाली दोनशे लिटरचा निळा ड्रम. मूर्ती आठ-नऊ किलोची, पावडरही हिशोबाने जवळजवळ तेवढीच. ही पावडर बेकरीवाले बिस्किटं फुलवायला वापरतात असं मी बायकोला कौतुकाने सांगितलं, तिने नाकाला पदर लावूनच ऐकलं. वास म्हणजे शंभर सार्वजनिक मुताऱ्या एका ड्रममध्ये! आणि दर दोन-तीन तासांनी ढवळायचं, दोन दिवस.

रात्री दोनला मी दांडका घेऊन उभा, आणि हात पुढे होईना. दहा दिवस ज्याची आरती केली त्याला असं ढोसायचं? मी काही फार देवभोळा नाही, पण आजूबाजूला कोणी बघत नाही ना बघून हात जोडले, माफ कर म्हणलं आणि ढवळलं. बुडबुडे आले. मागून आवाज आला, "बाप्पा श्वास घेतोय." काका! बंडी-लुंगीत. मी म्हणलं कार्बन डायऑक्साइड आहे काका. ते म्हणाले श्वासात दुसरं काय असतं?

यावरही माझ्याकडे उत्तर नव्हतं. दांडका त्यांनी घेतला, सकाळपर्यंत आम्ही आळीपाळीने ढवळलं आणि भांडलो, त्यात होमिओपॅथी झाली, ग्रहण झालं, मेट्रोही झाली.

तिसऱ्या दिवशी खत तयार. काका बादली घेऊन पहिले, गुलाबांसाठी, सगळ्यांना सांगत होते, मी आधीच म्हणालो होतो जिप्सम झाडांना चांगलं. ते आता जिप्सम नाहीये हे मी सांगितलं नाही. शिकलो थोडंफार.

ड्रमच्या तळाशी खडूच्या चिखलात मूर्तीतला नारळाचा काथ्या उरलाय, मुकुटाचे चमकते खडे चिकटलेला. हा ओला कचरा, सुका कचरा की निर्माल्य, यावर रविवारी मीटिंग आहे.