‘शंभरपट परत मिळेल’ या मेसेजबद्दल खुलासा

गोराई-वांद्र्याकडच्या चर्चच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘लूक अध्याय 14 मध्ये येशूचं वचन आहे, गरिबाला जेवू घाला, वर्षाच्या आत शंभरपट परत मिळेल. दहा जणांना पाठवा.’ रविवारी मिस्सानंतर मीही तो पुढे पाठवला होता. त्याबद्दल मनापासून क्षमा मागते.

घरी येऊन बायबल उघडलं. लूक 14:12-14 मध्ये शंभरपट नाही, वर्षाची मुदतही नाही. येशू शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी एका परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या) पुढाऱ्याच्या घरी जेवायला गेला होता. तिथे यजमानालाच त्याने सांगितलं की मेजवानीला मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी बोलावू नकोस. ते उलट आमंत्रण देऊन फेड करतील. गरीब, अपंग, लंगडे, आंधळे यांना बोलाव. त्यांच्याकडे फेडायला काही नाही, म्हणूनच तू धन्य होशील. फेड होईल ती नीतिमानांच्या पुनरुत्थानाच्या वेळी, म्हणजे ते मेलेल्यांतून पुन्हा उठतील तेव्हा.

आपल्याकडे लग्नात आहेराची वही ठेवतात, कुणी किती दिलं ते पाहून पुढे तेवढंच देतात. नेमका हाच हिशेब येशू बाजूला ठेवायला सांगतो, आणि मेसेजने तोच परत आणलाय. याचं मला फार वाईट वाटलं.

‘शंभरपट’ हा शब्द मार्क 10:30 मध्ये येतो. तिथे विषय जेवणाचा नाही, येशूसाठी घरदार सोडणाऱ्यांचा आहे. त्याच ओळीत छळही होईल असं म्हटलंय.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.