किती देते?

मोठी टूरिंग मोटरसायकल सिग्नलला उभी राहिली की शेजारच्या स्कूटरवरून प्रश्न येतोच: "किती देते?" सीसी किती, वजन किती, पाय टेकतात का, असल्या चौकशा नाहीत. थेट ॲव्हरेज. सिग्नलला राहिलेले असतात तीस सेकंद, तेवढ्यात खरं उत्तर बसत नाही, म्हणून मी "पंचवीस" म्हणून मोकळा होतो. आकडा खोटा नाही. कुठला, कधीचा आणि कसा मोजलेला, एवढंच सांगायचं राहून जातं.

कंपनीचा आकडा यापेक्षा बरा असतो. तो बहुधा डब्ल्यूएमटीसी नावाच्या चाचणीतून येतो: गाडी रोलरवर चढवायची आणि वेगाचा ठरलेला आलेख गिरवत चालवायची. खड्डा नाही, मध्येच घुसणारी रिक्षा नाही, बाजूला पेट्या नाहीत आणि स्वार ७५ किलोचा धरलेला. (७५ हा आकडा आमच्या वजनकाट्याने हल्ली पाहिलेला नाही.) वर हा हिशोब शंभर किलोमीटरला किती लिटर असा उलटा मांडतात. ४ लिटर म्हणजे लिटरला २५, ५ लिटर म्हणजे २०. आकडा वाढला की वाईट वाटून घ्यायचं, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

मग आपणच मोजावं म्हटलं, तर ते एक व्रत आहे. टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, गाडी चालवायची, पुन्हा फुल, किलोमीटर भागिले लिटर. ऐकायला सोपं. पण पहिल्यांदा मेन स्टँडवर भरली आणि दुसऱ्यांदा साइड स्टँडवर, तर कललेल्या टाकीत पेट्रोल कमी मावतं आणि गाडी एका रात्रीत काटकसरी होते. समजा ३०० मिलीचा फरक पडला. पाच लिटर भरल्यावर ती ६ टक्क्यांची चूक असते, पंधरा लिटरवर २ टक्क्यांची. म्हणून टाकी खाली जाऊ द्यायची, गाडी दर वेळी तशीच उभी करायची आणि तीन-चार टाक्यांचे सगळे किलोमीटर भागिले सगळे लिटर करायचे. ॲव्हरेजांचं ॲव्हरेज काढू नये. शंभर किलोमीटर २० ने आणि शंभर ३० ने गेलात, तर उत्तर २५ नसून २४ येतं.

त्यातही मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता नाही. ६३ सेंटिमीटर व्यासाचा टायर ५ मिलिमीटर झिजला की व्यास एक सेंटिमीटरने घटतो, तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त पडतात आणि कागदावरचं ॲव्हरेज दीड टक्क्याने सुधारतं. टायर गुळगुळीत होईल तशी गाडी गुणी होत जाते.

आता मुख्य दुखणं. गाडी २४० किलो, वर हेल्मेट-जॅकेटसकट मी आणि बॅग ९०. एवढं ओझं शून्यावरून ५० च्या वेगाला न्यायला सुमारे ३२ किलोज्यूल लागतात. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल असतात, पण गावातल्या धक्के खात चालणाऱ्या इंजिनकडून त्यातला जेमतेम पाचवा भाग चाकापर्यंत पोचतो. म्हणजे दर वेळी ५ मिली. औषधाचा एक चमचा. दहा किलोमीटरमध्ये वीसदा ब्रेक मारून थांबलात की वीस चमचे, १०० मिली, ब्रेक पॅडवर भाजून निघाले. लिटरला २५ या हिशोबाने त्या अंतराला एकूण ४०० मिलीच लागायला हवं होतं!

यावर एकच औषध: लांबूनच लाल दिवा पाहून थ्रॉटल सोडायचा, गिअर तसाच ठेवायचा. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत तेव्हा पेट्रोल बहुधा पूर्ण बंद होतं. क्लच दाबलात किंवा न्यूट्रल केलात, तर इंजिन जागच्या जागी धडधडत ठेवायला ते पुन्हा सुरू होतं. उतारावर न्यूट्रल करणारे जाणकार अजून कार्ब्युरेटरच्या काळात आहेत.

हायवेवर चमचे वाचतात, तिथे वारा खातो. वेग ८० चा १०० केला की हवेचा रोध ५६ टक्क्यांनी वाढतो, आणि रिकामी टॉप बॉक्सही वाऱ्याला भरलेलीच वाटते. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, इंजिनाला त्याची गरज नसेल तर, फक्त मालकाला बरं वाटावं म्हणून असतं.

गाडी अचानक जास्त प्यायला लागली तर आधी टायरची हवा पाहा, तीही टायर थंड असताना. मग पुढचं चाक उचलून हाताने फिरवा. पॅडची थोडी सळसळ चालते. अर्ध्या फेऱ्यातच चाक रुतलं तर ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन अडकतोय. चेन कोरडी किंवा मॅन्युअलपेक्षा ताठ असेल तर तीही वाटा उचलते. आणि रोजचा प्रवास तीनच किलोमीटरचा असेल, तर इंजिन तापायच्या आत ऑफिस येतं. थंड इंजिनाला पेट्रोल जास्तच लागतं, त्यात मेकॅनिकचा दोष नाही.

हे सगळं सांगायला तोंड उघडावं तर सिग्नल सुटतो. स्कूटरवाला "पंचवीस? मग परवडत नाय," म्हणत पुढे निघूनही जातो, आणि मी मागून एक चमचा ओततो.