'बेथ': चेष्टेत जन्मलेलं रडकं गाणं

'किस' हा अमेरिकन रॉक बँड म्हटलं की रंगवलेले चेहरे, हातभर उंच बूट आणि तोंडातून रक्त गाळत जीभ काढणारा जीन सिमन्स आठवतो. गंमत अशी, की लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीत या बँडचं सर्वांत वर चढलेलं गाणं म्हणजे 'बेथ'. 1976, क्रमांक 7. आणि त्यात बँडमधल्या जीन, पॉल स्टॅनली, एस फ्रेहली यांची एक नोटसुद्धा नाही! गातो ड्रमर पीटर क्रिस, साथीला पियानो आणि ऑर्केस्ट्रा.

कंपनीनं हे गाणं 'डेट्रॉइट रॉक सिटी'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकून दिलं होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली आणि मागचंच धो धो वाजायला लागलं.

पण खरी गोष्ट त्याआधीची. किसच्या आधी पीटर 'चेल्सी' नावाच्या बँडमध्ये होता. तिथल्या एका गिटारवाल्याची बायको तालमीत सारखी फोन करायची, घरी कधी येतोस म्हणून. तो काय उत्तरं देतो, ते पीटरचा मित्र स्टॅन पेनरिज टिपून घ्यायचा. त्याच टवाळीतून 'बेक' नावाचं गाणं झालं. पुढे किसच्या 'डिस्ट्रॉयर' अल्बमच्या वेळी निर्माता बॉब एझ्रिननं त्याची लय संथ केली, पियानो आणला, व्हायोलिनं चढवली. 'बेक'ची 'बेथ' झाली आणि चेष्टेचं विरहगीत.

आता शब्द नीट ऐका. सुरुवातीला नवरा म्हणतो, सूर सापडत नाहीये, थोडे तास थांब, आलोच. शेवटाला येईपर्यंत तो आणि बँडची पोरं रात्रभर वाजवणार असतात. 'निघालोच, पाच मिनिटांत पोचतो' हे आपल्याकडेही घरोघरी चालतं, फक्त मागे व्हायोलिन नसतं. म्हणून माझ्या मते हे प्रेमगीत नाहीच, पद्धतशीर थाप आहे. तरीही पीटरचा तो खरखरीत, किंचित फाटलेला आवाज लागला की मी दर वेळी विरघळतो. गुळगुळीत गळ्याच्या गायकानं म्हटलं असतं तर एवढं पोचलं नसतं.

श्रेयावरून भांडण आहेच. पॉल स्टॅनलीनं आत्मचरित्रात ठासून लिहिलंय की हे गाणं पीटरनं लिहिलेलंच नाही. असेलही. पण गाणं लोकांच्या घरात शिरलं ते पीटरच्या गळ्यानं आणि एझ्रिनच्या कानानं, हे पॉलला कबूल करायला जड जातं असं वाटतं. मैफिलीत टेपवर सूर वाजायचे आणि पीटर पुढे येऊन गायचा, लोकांना गुलाब द्यायचा. आगी, स्फोट, रक्त सगळं झाल्यावर गुलाब! मला ते जाम आवडतं.

आणि हो, 1977 ला पीपल्स चॉइस पुरस्कारात आवडत्या नव्या गाण्याचा मान 'बेथ'ला मिळाला, पण विभागून. दुसरा मानकरी? 'डिस्को डक'. बदकाच्या आवाजातलं गाणं.